छोट्या हत्तीच्या हौद्यात सामान बसवायचा घरगुती सांगाडा

प्रश्न थोडक्यात असा: भांडुपला एसी बसवण्या-दुरुस्तीचं काम आहे आणि हाताशी सेकंडहँड छोटा हत्ती (टाटा एस हा छोटा टेम्पो) आहे. रोजचं सामान म्हणजे ८ फुटी अ‍ॅल्युमिनियमची सरळ शिडी, टूलबॉक्स, व्हॅक्यूम पंप, नायट्रोजनचा १० लिटरचा सिलिंडर, कॉपरच्या कॉइली आणि कधी एक, कधी दोन आउटडोअर (एसीचं बाहेर बसणारं युनिट). आत्ता सगळं नायलॉनच्या दोरीने बांधतात, तरी ठाण्याला पोचेपर्यंत टूलबॉक्स हौद्याच्या (मागच्या माल ठेवायच्या भागाच्या) दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. रविवारी गाडी भाड्याने जाते, तेव्हा हौदा मोकळा हवा. पत्र्याला भोकं पाडायची नाहीत आणि गाडी फॅब्रिकेटरकडे अडकवायची नाही. काही घरच्या घरी करता येईल का?

करता येईल. फक्त भोकं न पाडण्याचा हट्ट सोडा. सहा भोकं पाडा, पण सहाच, आणि ती नीट पाडा. त्या सहा भोकांवर एक चौकट बसवा आणि बाकी प्रत्येक वस्तू त्या चौकटीला जोडा. टूलबॉक्सला चार, सिलिंडरच्या कड्याला दोन, शिडीच्या हुकाला दोन अशी सुटी भोकं पाडत गेलं की दोन पावसाळ्यांत हौद्याची चाळणी होते.

आधी सामान सरकतं कशामुळे ते पाहू. "जड आहे, जागचं हलणार नाही" हा समज सगळ्यात महागात पडतो. वस्तू जागेवर राहते ती घर्षणामुळे, आणि घर्षण असतं वस्तू खाली दाबलेली असेतोवर. चाक खड्ड्यात आपटून वर आलं की हौदा वस्तूला वर फेकतो आणि क्षणभर ती अधांतरी असते. त्या क्षणी ६० किलोचा टूलबॉक्स आणि रिकामा डबा यांत फरक नसतो. त्याच वेळी ब्रेक लागला तर पेटी पुढे जाणारच. सामान बांधण्याच्या हिशेबात सर्वसाधारणपणे पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूंना ०.५ पट जोर धरतात. म्हणजे ६० किलोच्या पेटीला पुढे जाताना ४८ किलोचा रेटा रोखायचा आहे. आकडा मोठा नाही. पण पेटीला धावायला दोन फूट मोकळी जागा मिळाली, तर तिच्या धडकेचा जोर याच्या कितीतरी पट होतो. म्हणून पहिला नियम: वस्तू आधी अडवा, मग बांधा. पुढून अडसर असेल तर पट्ट्याला फक्त उसळी रोखायची असते, आणि ते काम साधा पट्टाही करतो.

दुसरी गोष्ट बोल्टची. ८.८ ग्रेडचा (जास्त ताकदीच्या पोलादाचा) एक एम-१०, म्हणजे १० मिमी जाडीचा, बोल्ट सरळ ओढीला तीन टनांच्या वर झेपतो. तो तुटत नाही. फाटतो तो हौद्याचा पातळ पत्रा. एम-१० चा नेहमीचा वॉशर २० मिमी व्यासाचा. त्याचा पत्र्यावरचा टेकू जेमतेम सव्वादोनशे चौरस मिमी. त्याऐवजी खालून ७५×७५×५ मिमीची लोखंडी प्लेट लावली, तर टेकू साधारण पंचवीसपट होतो. भोकाभोवती चांदणीसारख्या बारीक चिरा पडलेल्या दिसल्या, तर तिथे प्लेट नव्हती असं समजा.

आता माप. छोट्या हत्तीचा हौदा सुमारे २२०० मिमी लांब आणि १४९० मिमी रुंद. जुन्या गाडीचा हौदा बदललेला असू शकतो, तेव्हा आपला मोजा, आणि तळाशी मोजा. प्लायचा पूर्ण ताव २४४० × १२२० मिमीचा. म्हणून चौकट बाहेरून बाहेर २१०० × १२२० ठेवायची. रुंदीत प्लाय कापावा लागत नाही, लांबीत एकच काप. दोन्ही बाजूंना साधारण १३० मिमी जागा उरते, तिथून पाणी वाहतं आणि पट्ट्याचा हूक अडकवायला हात जातो. ही जागा बुजवायच्या मोहात पडू नका. भाड्याच्या दिवशी बारीक माल पडायची भीती असेल तर प्लायच्या दोन सुट्या फळ्या वरून टाकता येतील.

सामान असं लागेल. ४०×४०×२ मिमीचा एमएस (साध्या लोखंडाचा) चौकोनी पाइप, २० फुटी तीन नग. चौकटीला पावणेनऊ मीटर जातो (२१०० चे दोन उभे, ११४० चे चार आडवे), पुढच्या कमानीला (चौकटीच्या पुढच्या टोकाला उभा राहणारा, काढता येणारा सांगाडा) सव्वासहा मीटर, उरलेल्या तीन मीटरमध्ये अडसर होतात. या पाइपाचं वजन मीटरला सुमारे २.३ किलो. १२ मिमीचा मरीन प्लाय एक ताव, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघून. कमानीचे पाय ज्यांत बसतात त्या खोबण्यांसाठी ५०×५०×४ चा पाइप अर्धा मीटर. ४१×२१ मिमीची स्ट्रट चॅनेल (वरून लांब खाच असलेली लोखंडी पट्टी) अडीच मीटर, तिच्या खाचेत बसणारे स्प्रिंग नट आठ. एम-१० × ७५ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट सहा आणि आत नायलॉनचं कडं असलेले नायलॉक नट बारा (सहा जादा, कारण नायलॉक पुन्हापुन्हा वापरला की त्याचं नायलॉन झिजतं आणि तो साध्या नटासारखा सुटतो). ७५×७५×५ च्या प्लेटी सहा. बाहेरून १६-१७ मिमी आणि आतून ११ मिमी अशी जाड नळी पाव मीटर, कशासाठी ते पुढे येतं. ५० मिमी रुंदीचे पॉलिएस्टरचे रॅचेट पट्टे (दांड्याने आवळायचे) दोन, २५ मिमीचे चार. रेड ऑक्साइड, एनॅमल, पीयू सीलंटची एक नळी.

नट-बोल्ट, पट्टे, कड्या नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळतात. स्ट्रट चॅनेल लोहार चाळीत केबल ट्रे विकणाऱ्यांकडे मागा. पाइप जवळच्या लोखंडवाल्याकडून किलोवर घ्या, तिथेच कापून घ्या. दारुखान्यात जुनं लोखंड स्वस्त पडतं, शॅकल आणि साखळ्या तर उत्तम मिळतात. पण या कामाला जुना पाइप नको. तो आतून किती गंजलाय ते बाहेरून कळत नाही, आणि २ मिमीच्या भिंतीत अर्धा मिमी गंजाने खाल्ला तर पाव ताकद गेली.

वेल्डिंग गाडीपासून लांब करायचं. चौकट जमिनीवर तयार होते, त्यामुळे गाडी अडकत नाही आणि गाडीवर वेल्डिंगचा करंट सोडायचा प्रश्नच येत नाही. (कधी गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली, तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, अर्थिंग वेल्डच्या वीतभर अंतरात लावा. नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जळायला एक टाका पुरतो.) ६०१३ नंबरची २.५ मिमीची वेल्डिंगची कांडी, करंट ७० अँपिअरच्या आसपास. २ मिमीच्या पाइपाला जास्त करंट दिला की भोक पडतं. आधी चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत ३ मिमीच्या वर फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी हातोड्याने ठोका, पुन्हा मोजा, मगच पूर्ण वेल्ड. एक कोपरा संपवून शेजारच्याकडे जाऊ नका, समोरासमोर जा, नाहीतर चौकट पतंगासारखी वाकते. आडवे पाइप पुढून ०, ७००, १४०० आणि २१०० मिमीवर. स्लॅग (वेल्डवरचं काळं कवच) पूर्ण झाडून मगच रंग. स्लॅगवर मारलेला रेड ऑक्साइड पहिल्या पावसात पापुद्र्यासारखा सुटतो.

आता ती जाड नळी. चौकोनी पाइपातून आरपार बोल्ट घालून आवळला की पाइपाच्या दोन भिंती चेपतात. आवळताना पान्ह्याला बोल्ट घट्ट वाटतो, पण प्रत्यक्षात पाइप स्प्रिंगसारखा दबलेला असतो. आठवड्याभरात तो बसतो आणि नट ढिला. उपाय सोपा: बोल्टच्या जागी पाइपाला १७ मिमीचं आरपार भोक पाडायचं, ४० मिमी लांब नळीचा तुकडा त्यात घालून वर-खाली वेल्ड करायचा आणि घासून सपाट करायचं. बोल्ट या नळीतून जातो, दाब नळी घेते, पाइप चेपत नाही. घरगुती कामात बहुतेक लोक हे गाळतात आणि मग बोल्टला दोष देतात.

पाइपांची टोकं बंद करा, पण प्रत्येक पाइपाच्या खालच्या अंगाला ५ मिमीचं एक भोक ठेवा. मुंबईच्या हवेत बंद पाइपातही दमट पाणी साचतं आणि पाइप आतून सडतो. चौकट गॅल्वनाइज करायचा विचार असेल तर ही भोकं लागतातच, बंद पोकळी वितळलेल्या जस्तात बुडवली की फुटते.

चौकट हौद्यात बसवताना ती पुढच्या भिंतीला पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. ब्रेकचा रेटा मग भिंतीवर पसरतो आणि सहा बोल्टांवर फक्त उसळी उरते. खाली रबर घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. बोल्टच्या जागी मऊ रबर नको. ते दबत राहतं आणि बोल्टचा ताण कमी होतो. तिथे एचडीपीई या कडक प्लास्टिकचा ५ मिमीचा तुकडा घाला, स्वयंपाकघरातला पांढरा चॉपिंग बोर्ड कापला तरी चालतो. रबराची पट्टी बोल्टांच्या मधल्या भागात, फक्त खडखड थांबवायला.

भोकांच्या जागा वरून ठोकून, आवाजावरून ठरवू नका. गाडीखाली झोपून हौद्याचे आडवे चॅनेल कुठे आहेत ते कडेपासून मोजून घ्या. बोल्ट चॅनेलला लागून यावा, म्हणजे खालच्या प्लेटीची एक कड चॅनेलला टेकते. पत्र्याच्या पन्हाळीवर प्लेट नीट बसत नसेल तर सपाट जागेकडे सरका. पहिलं ३ मिमीचं भोक खालून वर पाडा. खाली ब्रेकची नळी, डिझेलची टाकी, वायरिंग काय काय आहे ते तुम्हाला समोर दिसत असतं. वरून ड्रिल सोडलं तर बिट कुठे घुसला ते डिझेल गळायला लागल्यावर कळतं. मग वरून ११ मिमीपर्यंत वाढवा. चासीच्या दोन मुख्य उभ्या चॅनेलना मात्र हात लावायचा नाही, ना ड्रिल ना वेल्डिंग. सगळी गाडी त्यांच्यावर उभी आहे, आणि त्यांच्या वरच्या-खालच्या पट्टीत पाडलेलं भोक म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण.

भोक पाडलं की कडा कानशीने मोडा, लोखंडाचा कीस चुंबकाने उचला. हौद्यात राहिलेला एकेक कण दुसऱ्या दिवशी चहाच्या थेंबाएवढा तांबडा डाग होतो आणि रंगाखाली शिरतो. उघड्या कडेला दोन हात रेड ऑक्साइड, वाळल्यावर सीलंटचं वेटोळं, मग बोल्ट. एम-१० ला साधारण ४५ न्यूटन-मीटर पुरतं. टॉर्क रेंच नसेल तर नेहमीच्या १७ च्या पान्ह्याने एका हाताने घट्ट. पान्ह्यावर पाइप चढवून नाही. शेवटी नट आणि बोल्ट दोघांवरून जाईल अशी ऑइल पेंटची एक पिवळी रेघ ओढा. पुढे तपासणी म्हणजे एवढंच: खाली वाकायचं, रेघ सरळ आहे की तुटली ते बघायचं. पहिल्या १०० किलोमीटरनंतर एकदा, मग महिन्याला.

प्लायला वरची-खालची बाजू नव्हे, कडा मारतात. पाणी कडेतूनच वर चढतं. कापलेल्या कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत इपॉक्सी किंवा निदान एनॅमलचे तीन हात द्या. प्लाय चौकटीला बुडत्या डोक्याच्या एम-६ स्क्रूंनी, दर ३०० मिमीवर. स्क्रू स्टेनलेसचे चालतील. प्लायऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा टाकायचा असेल तर मात्र स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर हवाच. खाऱ्या हवेत या जोडीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते आणि भोक मोठं होत जातं. सहा मुख्य बोल्टांच्या डोक्यांसाठी प्लायला ३० मिमीची भोकं ठेवा, म्हणजे डोकं थेट पाइपावर बसेल. प्लाय मध्ये दाबून बोल्ट आवळणं चूक; लाकूड सुकतं-फुगतं आणि बोल्ट आपोआप ढिला होतो.

इथे तुमच्या रविवारचा प्रश्न सुटतो. चौकट आणि प्लाय दर आठवड्याला काढायचीच नाही. ती हौद्याची नवी जमीन समजा, जेमतेम ५७ मिमी उंच. काढायची ती फक्त वरची कमान, अडसर आणि आउटडोअरच्या पट्ट्या.

कमान पुढच्या दोन कोपऱ्यांत. ५०×५०×४ च्या २०० मिमी उंच खोबण्या चौकटीला वेल्ड, प्रत्येकीला ५ मिमीच्या पत्र्याचा १०० मिमीचा त्रिकोणी आधार मागच्या अंगाला. कमान म्हणजे ४०×४० चे दोन उभे आणि त्यांना जोडणारे तीन आडवे पाइप. खोबणी घेताना दुकानातच एक पाइप दुसऱ्यात घालून बघा. चौकोनी पाइपाच्या आत वेल्डची शिवण असते, ती नडते. अर्धगोल कानशीने घासावी लागते. खोबण्या वेल्ड करताना कमान आत घालूनच करा. सुट्या वेल्ड केल्या की दोन मिमी तिरक्या बसतात आणि कमान कधीच सुखाने आत जात नाही. आरपार एक पिन, आणि खोबणीच्या बाहेर नट वेल्ड करून त्यातून एक दाबबोल्ट, जो पाइपाला कोपऱ्यात रेटतो. दाबबोल्ट नसेल तर विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत कमान टाळ कुटत जाईल.

आडव्या पाइपांची उंची प्लायपासून ३००, ६५० आणि १२५० मिमी. ३०० आणि ६५० सिलिंडरसाठी, १२५० शिडीसाठी.

शिडीचं गणित जरा थांबून बघण्यासारखं आहे. ८ फूट म्हणजे २४४० मिमी, हौदा २२००. सपाट ठेवली तर फाळक्याबाहेर (हौद्याच्या मागच्या झडपेबाहेर) येते. केबिनवरून पुढे काढली तर तीही बाहेर. मोटार वाहन कायद्यात कलम १९४(१ए) आहे: माल बाजूंनी, पुढे, मागे किंवा परवानगीच्या उंचीबाहेर गेला तर दंड २०,००० रुपये, आणि तो माल उतरवण्याचा खर्च वेगळा. म्हणून शिडी तिरकी ठेवायची. खालचं टोक चौकटीच्या मागच्या पाइपाला अडवून, वरचं टोक कमानीच्या १२५० च्या पाइपावर. साधारण ३१ अंशांत ८ फुटी शिडी २१४० मिमीत मावते आणि फाळका बंद होतो. ती रुंदीने आडवी टाकायची. जागा वाचवायला कडेवर उभी केली तर वरचा कोपरा बराच वर जातो आणि सगळा हिशेब बिघडतो. शिडी डाव्या अंगाला ठेवा, फुटपाथकडून उतरवता येते. तिच्या उंच टोकाखाली टूलबॉक्स आरामात बसतो.

शिडीच्या खालच्या पायांसाठी २५×५ च्या पट्टीचे यू आकाराचे दोन घोडे चौकटीला, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा. फाळक्याला शिडी टेकू देऊ नका, बिजागऱ्या त्यासाठी नसतात. वर २५ मिमीचा एक पट्टा आणि कुलूप. आणि कमान बसवल्यावर गाडीची जमिनीपासूनची एकूण उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. मॉलच्या आणि टॉवरच्या बेसमेंटला उंचीचा आडवा दांडा असतो, तो वर न बघता गाठता येतो.

सिलिंडर पुढच्या उजव्या कोपऱ्यात उभा. व्यास मोजायला दोरी गुंडाळा, परिघाला ३.१४ ने भागा. तळाला प्लायचं गोल कापलेलं २५ मिमी जाड कडं, म्हणजे पाय सरकणार नाही. वर कमानीच्या दोन पाइपांना लाकडाचे व्ही आकाराचे ठोकळे आणि प्रत्येकी एक पट्टा. पट्टा व्हॉल्व्हवर किंवा मानेवर कधीच नाही. साखळी वापरायची असेल तर तिच्यात टर्नबकल (फिरवून ताणायचा स्क्रू) हवा. नुसती साखळी एका कडीइतकी सैल राहतेच, आणि तेवढ्यात सिलिंडर आपटायला शिकतो. रेग्युलेटर काढून, टोपी लावूनच गाडी हलवायची. पडलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तुटला तर आतल्या दाबाने सिलिंडरच धावतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे सिलिंडर गाडीच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, आणि ज्वलनशील गॅसचा सिलिंडर दुसऱ्या जातीच्या कॉम्प्रेस्ड गॅससोबत नेता येत नाही. तेव्हा ब्रेझिंगचा एलपीजी नायट्रोजनच्या शेजारी टेकवायची सवय असेल तर ती मोडा. तो वेगळ्या फेरीने नेताना उभाच न्यायचा, आडव्या सिलिंडरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वायूऐवजी द्रव बाहेर येऊ शकतो. मे महिन्यात काळ्या ताडपत्रीखाली गॅसचा कुठलाही सिलिंडर दिवसभर ठेवू नका.

टूलबॉक्स आणि व्हॅक्यूम पंप कमानीला पाठ लावून, मध्यभागी. मागून आणि बाजूंनी पाइपाच्या तुकड्यांचे अडसर, वरून ५० मिमीचा एक पट्टा. पंप सरळच राहायला हवा, तेल सांडतं. पेटीला तळातून बोल्ट मारायचाच असेल तर प्लायखाली पट्टी घ्या. नुसत्या प्लायला मारलेले चार एम-८ बोल्ट वॉशरसकट वर येतात, भोकासारखं भोक मागे ठेवून.

आउटडोअर नेहमी उभा न्यायचा, ज्या स्थितीत तो भिंतीवर बसतो त्याच स्थितीत. आडवा पाडला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं आणि आतले रबरी पाय एका बाजूला ओढले जातात. पायांतलं अंतर कंपनीगणिक बदलतं, म्हणून ठरावीक भोकं उपयोगाची नाहीत. इथे स्ट्रट चॅनेल कामी येते. १४०० आणि २१०० च्या आडव्या पाइपांवर दोन पट्ट्या लांबीच्या दिशेने: एक पक्की, दुसरी तीन जागी बसेल अशी (पाइपाला प्लायखालून एम-८ नट आधीच वेल्ड करून ठेवा). युनिटच्या पायातून एम-८ बोल्ट, खाली स्प्रिंग नट. नट फक्त बोटांनी फिरवला की तो खाचेत सरकतो. दाते चॅनेलच्या ओठात बसेपर्यंत आवळा. दोन युनिटं असतील तर मध्ये प्लायचा तुकडा उभा घाला, नाहीतर एकाच्या पंख्याची जाळी दुसऱ्याच्या फिन सपाट करते. पाय बोल्टने धरले असले तरी युनिट उंच असतं, वरून एक पट्टा हवाच. तो कडेवरून जातो तिथे जुन्या फायर होजचा किंवा पीव्हीसी केसिंगचा तुकडा घाला. पत्र्याच्या कडेवर घासलेला पट्टा वरून शाबूत दिसतो, उलटा करून बघितला तर अर्धा कापलेला असतो.

कॉपर कॉइल कमानीच्या मधल्या पाइपाला वेल्ड केलेल्या वीतभर दांड्यावर अडकवा, टोकाला पिन. ब्रेझिंगच्या कांड्या, लेव्हल, सरळ पाइपांचे तुकडे यासाठी ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, एका टोकाला कायमची टोपी, दुसऱ्याला चुडीची. दर दोन फुटांवर सॅडल, मागे किंचित उतार, खालच्या टोकाला एक भोक. उन्हाने पीव्हीसी तीन-चार वर्षांत ठिसूळ होतो. रंग मारला तर जास्त टिकतो.

पट्ट्यांबद्दल थोडं. तुमची नायलॉनची दोरी ओली झाली की ताणली जाते, म्हणून पावसात घट्ट बांधलेलं कुर्ल्याला पोचेपर्यंत सैल होतं. पॉलिएस्टर फार कमी ताणला जातो. पट्ट्यावर तुटण्याची ताकद लिहिलेली असेल तर वापरायला तिचा एक तृतीयांशच धरा. पट्टा जितका उभा तितका दाब जास्त: जमिनीशी ३० अंशांत बांधला तर ताणाच्या निम्माच दाब खाली मिळतो. मोकळ्या पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्याने गुणगुणत नाही आणि शिवणही टिकते. रबरी बंजी ताडपत्रीपुरती ठीक, सामान धरायला नाही. ती ताणली जाते म्हणूनच ती बंजी आहे.

वजनाचा हिशेब: पाइप सुमारे ४० किलो, प्लाय २०-२२, बाकी बारीकसारीक धरून सगळं ७० ते ७५ किलो. हे तुमच्या मालाच्या वजनातून वजा करा, आणि एकदा पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर घालून आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून बघा. कायद्याच्या बाजूने, बोल्टने बसणारी आणि हौद्याच्या आत राहणारी चौकट ही माल धरायची सोय आहे. हौदा रुंद करणं, बाजू उंच करणं, चासीला काही वेल्ड करणं हा बदल ठरतो. त्याला कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते आणि विनापरवानगी केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पासिंगच्या आधी कमान काढून ठेवा, वाद नको. मागचे दिवे, नंबर प्लेट आणि चमकपट्ट्या (पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल) कशानेही झाकल्या जाता कामा नयेत. ताडपत्रीचं लोंबतं टोक बहुतेक वेळा हीच चूक करतं.

सगळं बसल्यावर दोघांनी कमान धरून जोरात हलवा. हौदा हलला पाहिजे, कमान वेगळी हलता कामा नये. मग सामान भरून मोकळ्या रस्त्यावर २० च्या वेगाने दोन-तीनदा कचकन ब्रेक मारा आणि उतरून पिवळ्या रेघा बघा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्लायच्या मागच्या कडेखाली बोट फिरवा. ओलसर लागलं तर खालचं पाण्याचं भोक चिखलाने बुजलं आहे, ते तारेने मोकळं करा.